नकार शिकलेलं चिलट

कीटक काही शिकत नाही, तो जन्मतानाच सगळं घेऊन येतो, असं आम्हाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी शिकवलं गेलं. मी ते तेव्हा मानलं नाही आणि आज केस पिकल्यावर तर मुळीच मानत नाही. कुणाला वाद घालायचा असेल तर खुशाल माझ्या घरी यावं. चहा मिळेल, माघार मिळणार नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. मी राजूरहून एसटीनं जालन्याच्या कॉलेजात जायची. गणपतीमुळे राजूरला बाहेरगावच्या लोकांची सतत ये-जा असे, पण आमची वस्ती ओढ्यापलीकडे होती आणि तिकडे यायचं कुणाला काही कारण नसे. माझा बाप, आम्ही त्याला बा म्हणायचो, एका मोसंबीच्या मळ्यात सालगडी होता. पाडव्याला सालाचं ठरायचं, पुढच्या पाडव्याला मालकाची मर्जी असली तर पुन्हा ठरायचं. मला कळायला लागायच्या आधीच आमच्या घरातले देव गेले होते आणि भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आला होता. फोटोतल्या माणसानं शिका म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी शिकत होते. यापलीकडे माझ्या शिक्षणामागे काही थोर हेतू नव्हता.

पण शिक्षणाला मुदत होती. माझे चुलते म्हणजे वस्तीतले कारभारी. त्यांनी बाकडून शब्द घेतला होता. "यंदा परीक्षा सुटली, पास झाली तर ठीक. न्हाई सुटली तर मंग अंबडकडच्या पावण्याला हो म्हणायचं, बिलकुल मागं सरकायचं न्हाई." अंबडकडचा पाहुणा बिजवर होता, पदरात दोन लेकरं होती आणि त्याला शिकलेली बायको नकोच होती. त्याच्याआधी तिघेजण मला पाहून गेले होते. तिघांनी पोहे खाल्ले, तिघांनी माझा रंग पाहिला आणि तिघांनी "कळवतो" म्हणून कळवलं नाही. पहिल्याच्या वेळी मी मान वर करून बोलले होते. तिसऱ्याच्या वेळी मी दारातून आत येतानाच मान खाली घालून आले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाही कळलं नव्हतं.

आमचे प्राणिशास्त्राचे सर वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्यावर बरंच तोंड सोडणार आहे. फळ्यावर झुरळाची पचनसंस्था ते न बघता काढायचे आणि गरीब पोरांची फी कितीदा तरी स्वतः भरायचे. पण 'उपजत' या शब्दावर त्यांचा भारी जीव. सुगरणीचं घरटं उपजत, मधमाशीचं पोळं उपजत, कोळ्याचं जाळं उपजत. कुलपात किल्ली फिरली की कुलूप उघडतं, त्यात कुलपाची काय अक्कल, असं ते म्हणायचे. पोरं माना डोलवायची, मीही डोलवायची.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक निरीक्षण करून जर्नलमध्ये लिहायचं होतं. माझ्या वाट्याला चिलट आलं. सडक्या फळावर घोंघावणारं, तिळाएवढं, लाल डोळ्यांचं चिलट. नर मादीला कसा रिझवतो ते बघायचं. आधी तो तिच्याकडे तोंड करून उभा राहतो, मग पुढच्या पायानं तिला हळूच टपली मारतो, मग एक पंख आडवा पसरून थरथरवतो. ते त्याचं गाणं. या पायऱ्या लिहायच्या, चित्र काढायचं आणि खाली निष्कर्ष लिहायचा: प्रियाराधन ही उपजत कृती असून अनुभवाचा तिच्याशी संबंध नाही. निष्कर्ष सरांनी आधीच फळ्यावर लिहून दिला होता. म्हणजे लग्न आधी ठरलेलं, पत्रिका नंतर बघायची.

या निरीक्षणाला कोऱ्या माद्या लागतात, नराचं तोंड न पाहिलेल्या. त्यांना इंग्रजीत जे म्हणतात ते मला वर्गात उभं राहून पोरांसमोर मोठ्यानं म्हणावं लागायचं, आणि दरवेळी मागच्या बाकावर खोकल्याची साथ यायची. मी बाटलीवरची चिठ्ठीच बदलली आणि 'कोऱ्या' असं लिहिलं. मला माझा शब्द पुरेसा होता. खोकणाऱ्यांपैकी दोघे पुढं नापास झाले, याचा मला अजूनही थोडा आनंद होतो.

कोऱ्या माद्या मिळवायचा एकच मार्ग. चिलटं बहुतेक पहाटे कोषातून बाहेर पडतात आणि सात-आठ तास माद्या नराला दाद देत नाहीत. तेवढ्यात त्यांना वेगळं काढलं तर त्या कोऱ्या राहतात, उशीर झाला की संपलं. आणि माझी एसटी जालन्याला वेळेवर पोचली तर कंडक्टरच घड्याळ तपासायचा. त्या दिवशी भोकरदनहून येणारी गाडी वाटेत बंद पडली. मी प्रयोगशाळेत पोचले तेव्हा दुपारचं ऊन जाळीतून आत आलं होतं. रात्रीपासून निघालेली चिलटं बाटलीत एकमेकांत मिसळून गेली होती. मी घाईघाईनं माद्या वेगळ्या काढल्या, बाटलीवर 'कोऱ्या' लिहिलं आणि मोकळी झाले. शुद्ध लबाडी होती. घरी जायची शेवटची गाडी चुकवायची नव्हती, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी एका नळीत मी एक नर आणि या बाटलीतली एक मादी सोडली. नर लगेच कामाला लागला. टपली मारली, पंख पसरला, मागं मागं फिरला. मादीनं त्याला लाथ घातली. मग बूड वर करून त्याच्या तोंडापुढं धरलं, म्हणजे चालता हो. तो पुन्हा आला, पुन्हा लाथ. ती दुसऱ्याची झाली होती आणि मी तिच्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. बिचाऱ्याला काय माहीत. घटकाभर, अर्धा तास, तासभर तो हेच करत राहिला. त्याच्या पंखाचं थरथरणं कमी कमी होत गेलं आणि शेवटी तो नळीच्या टोकाला जाऊन पाय घासत बसला.

मला त्याची दया आली. चिलटच वाट्याला आलेल्या शेजारच्या मैत्रिणीनं पहाटेच येऊन खऱ्या कोऱ्या माद्या काढून दोन-तीन दिवस जपल्या होत्या. तिच्याकडची एक मागून घेतली आणि त्याच्यापुढं सोडली. म्हटलं, घे बाबा, आता तरी घे. ती तयार होती. ती त्याच्याजवळून दोनदा गेली. तो पाय घासत बसला. त्यानं तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी भिंग खाली ठेवलं. ही गंमत सांगायला मागं वळले तर सर वर्गात नव्हते, आणि मैत्रिणीला तिच्या चिरलेल्या बेडकाचं पडलं होतं.

त्या दिवसापासून मी चिलटं घरी आणायला लागले. सलाइनच्या रिकाम्या बाटल्या, तोंडाला कापसाचा बोळा, तळाला मळ्यातली गळालेली मोसंबी, गूळ आणि ज्वारीच्या पिठाची आंबील. पहाटे घरीच कोऱ्या माद्या वेगळ्या काढता यायच्या. एसटीत कंडक्टर विचारायचा, "कशावरचं औषध हाय हे?" मी म्हणायची, "अडाण्यावरचं." माय रोज कपाळाला हात लावायची. "लोक घरातली चिलटं हाकलतेत, आन् माझी लेक तेला जेवू घालून राह्यली," असं ती शेजारणीला सांगायची, त्यात तक्रार किती आणि कौतुक किती ते ओळखू यायचं नाही.

मी पुन्हा पुन्हा तेच केलं. एक नर तासभर नकार देणाऱ्या मादीबरोबर ठेवायचा, दुसरा तासभर एकटाच. मग दोघांपुढं कोऱ्या माद्या सोडायच्या. एकटा बसलेला क्षणात पंख पसरायचा. नकार खाल्लेला कोपरा धरायचा. दरवेळी असंच व्हायचं असं खोटं सांगणार नाही. काही नर निर्लज्ज निघाले, त्यांना कितीही लाथा बसोत, फरक पडायचा नाही. पण बहुतेक दबायचे. आणि एक गोष्ट मी नंतर पाहिली, ती मला सगळ्यांत जास्त आवडली. दबलेल्या नराला कुणीही न सतावता दोन-तीन तास एकटं ठेवलं की तो पुन्हा पंख पसरायचा. शिकलेलं पुसलं जायचं.

एका सकाळी बा मळ्यावर जायच्या आधी ओसरीत येऊन माझ्यामागं उभा राहिला. बा कधी बसायचाच नाही. म्हणजे घरात, मायसमोर, जमिनीवर बसायचा. पण कुणा परक्याच्या दारात, चहाच्या हॉटेलात, एसटीत जागा असली तरी तो उभा. चहा उभ्यानं प्यायचा. फार झालं तर उकिडवा बसायचा, उठायला सोपं पडावं असा. आम्हाला लहानपणापासून ते ठाऊक होतं आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. बा असाच, असं आम्ही म्हणायचो.

"काय बघून राह्यली?"

मी भिंग त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. त्यानं एक डोळा मिटून खूप वेळ पाहिलं. मग म्हणाला, "हे तं बैलासारखं झालं. एखाद्यानं गव्हाणीपाशी मारलं, की मंग बैल कोनाच्याच गव्हाणीला लागत न्हाई. चारा कितीबी हिरवा असू दे."

"पण बैल विसरतो का?"

"मारणारा पुन्हा दिसला न्हाई तं विसरतो," बा म्हणाला आणि भिंग माझ्या हातात देऊन निघून गेला.

मी जर्नलमध्ये सगळं लिहून काढलं, अगदी खोट्या चिठ्ठीपासून. लबाडी लपवली असती तर निरीक्षणच लपलं असतं. फळ्यावरचा निष्कर्ष मी लिहिला नाही. त्याच्या जागी लिहिलं: नर अनुभवानं शिकतो, आणि जे शिकतो त्यावरून मादीकडे जायचं की नाही ते ठरवतो.

सरांनी पानावर लाल रेघ मारली. "हे पान काढा."

"का सर?"

"कारण हे चूक आहे. तो दमलाय. तासभर पळाल्यावर तुम्हीसुद्धा कोपऱ्यात बसाल."

मी घरी गेले आणि एका नराला तासभर पळवलं. नळीला बोटानं टिचक्या मारत राहिले, तो बसला की टिचकी, उडाला की पुन्हा टिचकी. माझं बोट सुजलं. मग त्याच्यापुढं कोरी मादी सोडली, तर पठ्ठ्यानं दम न खाता पंख पसरला. दमलेलाच होता, पण दबलेला नव्हता. मी तेही लिहून नेलं.

सरांनी त्या पानावरही रेघ मारली. "मग तो आजारी असेल. तुमच्या आंबिलीनं बाधलं असेल. पान काढा, निष्कर्ष लिहून दिलाय तो उतरवा, मी सही करतो. सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. सही नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर अंबडकडचा बिजवर आणि त्याची दोन लेकरं. एक पान फाडलं की मी मोकळी. मला काय पडलं होतं त्या चिलटाचं? मी स्वतःलाच विचारलं. उत्तर आलं ते रागानंच आलं. माझ्या समोर घडलेलं होतं ते. मी तीन पाहुण्यांपुढं मान खाली घालायला शिकले होते, आणि उद्या कुणी म्हणालं असतं की ही पोरगी जन्मतःच खालमानी, तर तेही मी जर्नलमध्ये उतरवून द्यायचं का? मी म्हणाले, "सर, पान राहील." सर म्हणाले, "मग उद्या वडिलांना घेऊन या."

बा आला. त्यानं एक दिवसाची सुट्टी मागितली तेव्हा मालक काय म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही. धुतलेलं धोतर, पांढरी बंडी, डोक्याला टापशी. प्रयोगशाळेच्या दारातच पायताण काढलं आणि चौकटीला लागून उभा राहिला. टेबलावर माझ्या नळ्या होत्या. सकाळीच मी एका नराला नकाराच्या मादीबरोबर सोडलं होतं आणि तासाभरानं तिला बाहेर काढलं होतं. सरांनी भिंगातून त्याला पाहिलं, त्याच्यापुढं कोरी मादी सोडली, पुन्हा पाहिलं. नर पाय घासत होता.

"बसा," सर बाला म्हणाले आणि स्टूल पुढं सरकवलं. अगदी मनापासून म्हणाले.

बा दाराजवळ भिंतीला टेकून उकिडवा बसला.

सर हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणूनच ते मला आजही बोचतं. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बघा. ही नम्रता. ही शिकवून येत नाही, ती रक्तातच असावी लागते. तुमच्यात हा ताठा कुठून आला?"

आणि खरं सांगते, त्यांचं म्हणणं मला पटलं. महिनाभर एका चिलटासाठी भांडणारी मी, मलाही आयुष्यभर तेच वाटत आलं होतं. बा असाच. सरांच्या आणि माझ्या म्हणण्यात काडीचा फरक नव्हता, आणि याची जेवढी लाज मला वाटली तेवढी तीन पाहुण्यांच्या नकाराची वाटली नव्हती.

बोलला बाच. खाली बसूनच, आवाज न चढवता.

"रक्तात न्हाई साहेब. शिकेल हाय हे. आठ-नऊ वर्साचा असंन मी. बाजाराहून आल्तो, पाय दुखत व्हते, तं चावडीच्या वट्यावर बसल्तो. वेताच्या छडीनं मारलं. एकदाच मारलं. पुन्हा मारायचं कामच पडलं न्हाई. तव्हापासून कोनी बसा म्हणलं तरी बसणं होत न्हाई. तुमी मनातून म्हणले, ते बी कळतंय मला. पर हिच्या चिलटावानी झालंय. एकानं लाथ मारली, आता समदे लाथ मारणारेच दिसतेत."

मैत्रीण बेडकावर वाकली होती, तिनं मान वर केली.

मग बा उठला. धोतर झटकलं, टेबलापर्यंत चालत आला आणि स्टुलावर बसला. स्टूल उंच होतं, त्याचे पाय खाली टेकेनात. दोन्ही हात त्यानं मांड्यांवर घट्ट दाबून धरले होते. मी ते पाहिलं आणि नजर फिरवली, कारण मला रडू येत होतं आणि सरांपुढं रडायची माझी बिलकुल तयारी नव्हती.

"ती मादी काढून घे," बा मला म्हणाला. "आता तेला कोनी सतावू नका. बघू उठतंय का."

सरांनी घड्याळ पाहिलं, मग बाकडे पाहिलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "आजारी असेल तर उठणार नाही. दुपारपर्यंत उठला तर मी माझं म्हणणं मागं घेतो."

दोन तास आम्ही थांबलो. सरांचा एक तास वर्गावर होता, ते जाऊन आले. बा स्टुलावरून हलला नाही. मैत्रिणीनं पाणी आणून दिलं, ते तो बसूनच प्यायला. मध्येच मला म्हणाला, "ह्याच्यावर कंबर दुखती गं," आणि मी म्हणाले, "दुखू दे." सर आले. मी नळीत नवी कोरी मादी सोडली. नर तिथंच बसून होता. मादी चालत चालत त्याच्या समोरून गेली. तो हलला नाही. सरांनी सुस्कारा सोडला. माझं वर्ष, माझं लग्न, सगळं त्या तिळाएवढ्या जिवावर येऊन बसलं होतं आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

मादी परत फिरली. नर तिच्याकडे वळला. एक पाऊल पुढं आला, टपली मारली आणि पंख पसरला.

"उठलं," बा म्हणाला.

सरांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग जर्नल ओढून घेतलं, स्वतःच्या लाल रेघेवर दोनदा काट मारली आणि खाली सही केली. मी आभार मानले नाहीत, माझ्या हक्काची सही होती ती. आज वाटतं, त्या रेघेवर काट मारणं त्यांनाही सोपं गेलं नसेल.

परतीच्या गाडीत जागा होती, तरी बा दांडीला धरून उभा राहिला. मी शेजारची सीट थोपटली. तो म्हणाला, "राहू दे, सात-आठ कोस तं हाय." वीस कोस असते तरी तो तेच म्हणाला असता. चिलटाला एक दुपार पुरते. माणसाला तेवढं भागत नाही. त्याला छडीवाले रोज नव्यानं भेटतात. मी सीटवर हात तसाच ठेवून बसले. पुढचा थांबा गेल्यावर कुठंतरी तो येऊन बसला.

परीक्षा सुटली. परीक्षा आणि निकालाच्या मधल्या एका रविवारी चुलत्यांनी तरीही अंबडकडच्या पाहुण्याला बोलावलं होतं, बघून तरी जाऊ दे म्हणून. मी पोहे ठेवले, त्याच्यासमोर बसले, मान वर केली आणि त्यालाच विचारलं, किती शिकलात? पहिली बायको कशानं गेली? तुमची लेकरं शाळेत जातात का? पाहुणा अर्धे पोहे ठेवून उठला. चुलते दोन महिने आमच्याकडे आले नाहीत. पुढं मी लग्न केलं की नाही, कुणाशी केलं, हे मी इथं सांगणार नाही; ज्याला कोरी की परणलेली अशी चिठ्ठी लावायची हौस आहे त्यानं ती स्वतःच्या बाटलीवर लावावी. एवढंच सांगते, की जे केलं ते मी निवडलं. आणि निवडायला शिकावं लागतं. कोवळा नर कुणापुढंही पंख थरथरवतो, दुसऱ्या नरापुढंसुद्धा. लाथा खाऊन, चुकून, तो कुठं थांबायचं ते शिकतो. पुढं मी शिकवायला लागले तेव्हा कळलं की इतर ठिकाणीही लोक हेच बघत होते. त्यांनी माझ्याआधी पाहिलं असेल. माझ्या बानं पाहिलं ते मात्र त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही.

कारण खरी गोष्ट प्रयोगशाळेतल्या त्या दुपारनंतर आठ-दहा दिवसांनी घडली. पाडवा तोंडावर आला होता. मी बाची भाकर घेऊन मळ्यात गेले होते. मोसंबीची तोड चालू होती आणि बा बांधावर एका उपड्या लाकडी खोक्यावर बसला होता, घाम पुसत. तेवढ्यात मालक आला. बाकीचे गडी, तोडणाऱ्या बाया, सगळे उभे राहिले. मीसुद्धा उभी राहिले, हे लिहायलाच पाहिजे.

बा उठला नाही. त्याचे हात पुन्हा मांड्यांवर गेले होते, तसेच घट्ट. मालक त्याच्यासमोर येऊन थांबला, वाट बघत. बानं मान वर केली.

"बोला मालक," तो म्हणाला.

मालक आल्या पावली परत फिरला. त्या पाडव्याला बाचं साल ठरलं नाही. आम्हाला पिंपळगावकडे नवं काम आणि राहायला नवी जागा शोधावी लागली, आणि पहिले काही महिने फार वाईट गेले. घरातलं सामान एका बैलगाडीत मावलं. मी माझ्या बाटल्या मांडीवर घेतल्या होत्या. बानं तो मोसंबीचा खोका गाडीत घातला होता. "हे कशाला?" माय म्हणाली. "तिथं काय वर बसायला जागा न्हाई?"

"असंन," बा म्हणाला. "नसली तं आपली आपल्यापाशी असू दे."